चाकापासून आत या: पोर्टल ॲक्सलवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी गिअरच्या दातांना पाणी कसं देतात ते लिहिलं होतं. त्या लेखाच्या शेवटी एक ओळ होती : माझ्या हिंगणा एमआयडीसीतल्या शॉपमध्ये सध्या एका फोर बाय फोर गाडीसाठी पोर्टलच्या पेट्या, म्हणजे चाकाशी बसणाऱ्या गिअरच्या पेट्या, तयार होताहेत. राजेहो, सगळा लेख बाजूला राहिला आणि पत्रं आली ती त्या एका ओळीवर. त्यातली चार इथे घेतो. पहिल्या पत्राला जास्त जागा देतो, कारण त्यात गाडीची मापं दिली आहेत, आणि मापं दिली की उत्तर द्यायला आधार मिळतो.

काटोलहून एक वाचक लिहितात : माझ्याकडे जुनी बोलेरो कॅम्पर आहे, फोर बाय फोर. बॉडी उतरवून चासीवर ट्रायलसाठी, म्हणजे चिखल-दगडांतल्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी, ट्रक बांधतो आहे. घराची संत्र्याची बाग आहे, बागेकडे जाणारी पांदण चार किलोमीटर काळ्या मातीची, सराव तिथेच करतो. डिफ्रंशलखाली जमिनीपासून १८० मिलिमीटर भरतात. टायर ३७ इंची आणून ठेवलेत. डिफ्रंशलमधल्या क्राऊनला (मोठ्या गिअरला) ३९ दात, पिनियनला (लहान गिअरला) ८. पोर्टलच्या पेट्या तुम्ही करून द्याल का? आणि त्या ॲक्सलच्या टोकांना बोल्टने बसवल्या की काम झालं ना?

भाऊ, पेट्या करून देईन. पण बोल्टने बसवल्या की काम संपत नाही, खरं काम तिथून सुरू होतं.

आधी, ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी. बंडीचा आस चाकाच्या बरोबर मधोमध असतो. आपल्या गाडीचा ॲक्सलही तसाच, आणि त्याच्या पोटात डिफ्रंशलचा गोळा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत गाडी उतरली की चाकं खाली जातात आणि तो गोळा मधल्या उंचवट्यावर बखरासारखा माती ओढत चालतो. टायर फिरतात, गाडी हलत नाही. कमानपाटे उंच केले तर बॉडी वर जाते, गोळा जिथल्या तिथेच राहतो. मोठा टायर टाकला तर व्यासातली निम्मीच वाढ गोळ्याखाली मिळते. पोर्टलमध्ये ॲक्सल चाकाच्या मध्याच्या वर घेतात आणि प्रत्येक चाकाशी गिअरची एक उभी पेटी बसवून ताकद खाली हबपर्यंत उतरवतात. रशियाच्या यूएझेड ४६९ जीपमध्ये फरक सरळ दिसतो. लष्करी जीपला चाकाशी पेट्या होत्या आणि जमिनीपासून ३०० मिलिमीटर उंची होती. साध्या ॲक्सलची नागरी ४६९बी होती, तिला २२०.

आता तुमची मापं. जुना टायर सुमारे ७३० मिलिमीटर व्यासाचा धरतो, ३७ इंची म्हणजे ९४०. त्याचे १०५ मिलिमीटर मिळाले. पेटीत वरच्या आणि खालच्या शाफ्टमध्ये १२० मिलिमीटर अंतर ठेवलं, तर एकूण २२५. तुमचे १८० चे ४०५ होतात. युनिमॉग ४०४ या जर्मन लष्करी ट्रकच्या जवळपास पोचलात. शिवाय पाट्यांना हात न लावता हे होतं, त्यामुळे चासी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर बदलत नाही आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन तसाच राहतो. पोर्टल मला आवडतात त्याचं हे मोठं कारण आहे. उंच पाटे टाकून क्रॉस (त्या शाफ्टचा सांधा) खाणाऱ्या गाड्या आपल्याकडे खूप आहेत.

पहिली अडचण फिरण्याच्या दिशेची. पेटीत फक्त दोन गिअर असतील तर खालचा वरच्याच्या उलट फिरतो. म्हणजे तुम्ही पहिला गिअर टाकाल आणि गाडी मागे जाईल. युनिमॉगमध्ये क्राऊन मुळातच दुसऱ्या बाजूला बसवून हे सोडवलं आहे. आपल्याकडे काही जण अख्खं हाऊसिंग पालथं करतात. दिशा सुधारते, पण पिनियनच्या बेअरिंगला तेल नेणारी वाट, तेलाचा बोल्ट, ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) सगळं चुकीच्या जागी जातं. त्यात पुढचा गोळा एका अंगाला सरकलेला असेल तर तो दुसऱ्या अंगाला जाऊन ट्रान्स्फर केसशी, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीशी, फारकत घेतो. म्हणून तुम्हाला चार गिअरची पेटी सुचवतो : वर एक १७ दातांचा, मध्ये शेजारी शेजारी दोन १७ चे, खाली २६ चा, मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) ५. दिशा मूळचीच राहते आणि वरच्या गिअरवरचा ताण दोन्ही बाजूंनी वाटला जातो. वरच्या आणि खालच्या गिअरच्या दातांत फक्त अडीच मिलिमीटर फट उरते, ती पुरते. मधल्या दोन गिअरच्या जागा मनाला येतील तिथे घेऊ नका. दोन्ही बाजूंचे दात एकाच वेळी जुळावे लागतात. मी ड्रॉइंग देईन.

ही पेटी १७ इंची रिमच्या आत जेमतेम मावते. ब्रेकची डिस्क आणि कॅलिपरही तिथेच बसवायचे आहेत. त्यामुळे लोखंड घेण्याआधी जाड पुठ्ठ्यावर पेटी आणि कॅलिपर खऱ्या मापात कापा आणि रिममध्ये ठेवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, ते चुकवू नका.

रेशो : २६ भागिले १७ म्हणजे १.५३. तुमच्या ३९ भागिले ८ शी गुणलं की एकूण ७.४६. टॉप गिअर एकास एक धरला तर इंजिनच्या २५०० फेऱ्यांवर ३७ इंची टायरला ताशी ५९ किलोमीटर मिळतील. आज जुन्या टायरवर त्याच फेऱ्यांना ७१ मिळतात. पेट्या न लावता नुसते ३७ इंची टायर टाकले असते तर ९१ आले असते, म्हणजे गिअरिंग इतकं उंच झालं असतं की चिखलात इंजिनने मान टाकली असती. ट्रायलच्या गाडीला ५९ उत्तम.

आता ताकदीचं. मोठा टायर पकड धरून उभा राहिला की एका चाकाला ३००० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ लागू शकतो. पेटीमुळे त्यातले जेमतेम २००० आतल्या ॲक्सल शाफ्टवर येतात. म्हणून पोर्टलच्या गाडीत शाफ्ट आणि क्राऊन-पिनियन जास्त टिकतात. हा फायदा खरा आहे, पण तो ओढ टायरच्या पकडीवर थांबते तेव्हाच मिळतो. लो रेंजमध्ये क्लच झटक्याने सोडलात तर इंजिनकडून येणारा पीळ शाफ्टवर पूर्वीइतकाच येतो.

पेटीतल्या वरच्या गिअरच्या दातांवर तेव्हा एकूण सुमारे ४.८ टनांचा दाब असतो. दोन मधल्या गिअरमध्ये तो २.४ असा वाटला जायला हवा. बोअरिंग अचूक असेल तरच तो वाटला जातो. एक बोअर सरकला की सगळा भार एकाच गिअरवर. इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे. २०११ साली एका मित्राच्या जीपसाठी मी पहिल्या पेट्या केल्या, दोन गिअरच्या. १६ मिलिमीटरच्या प्लेटमधून भिंती कापल्या, बोअर केले, बेअरिंग घट्ट बसले, मी खूश. मग ॲक्सलला धरायची फ्लँज त्यावर वेल्ड केली. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट ओढली गेली, दोन बोअरची मध्यरेषा एकमेकींना समांतर राहिली नाही. निळा रंग लावून दात फिरवले तेव्हा टच दाताच्या एकाच टोकाला, नखाएवढा. ते मला दिसलं होतं. चालता चालता बसेल असं म्हणून मी झाकण लावलं. चाळीस किलोमीटरवर पेटी हात लावता येणार नाही इतकी तापली. उघडली तर दातांची कड खवले निघावेत तशी उडालेली. मित्र काही बोलला नाही, त्याचं जास्त लागलं. तेव्हापासून क्रम एकच : आधी सगळं वेल्डिंग, मग भट्टीत तापवून सावकाश थंड करून ताण काढणं, मग दोन्ही अर्धी डॉवेल पिनांनी जोडून एकाच सेटिंगमध्ये बोअर. आणि टच दाताच्या मध्यावर पसरलेला दिसल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

गिअर ईएन ३५३ पोलादाचे, रुंदी ४० मिलिमीटर. केस हार्डनिंगनंतर दात थोडे वाकतातच, म्हणून ग्राइंडिंगची जागा आधी ठेवावी लागते. ग्राइंडिंगचा खर्च वाचवू नका. आणि प्रत्येक गिअरला दोन्ही बाजूंनी बेअरिंग हवं. मूळ स्टबच्या टोकावर गिअर लटकवून ठेवलेल्या पेट्या मी उघडल्या आहेत. त्या टिकत नाहीत.

यापुढे जे लिहितो ते दोनदा वाचा, कारण बहुतेक बांधणाऱ्यांचं लक्ष पेटीवर असतं आणि गाडी मोडते ती पाट्यांपाशी. चाक जमिनीला मागे ढकलतं तेव्हा ॲक्सल उलटा गुंडाळू पाहतो. त्याला अडवतात पाटे. हा पीळ किती, तर ओढ गुणिले जमिनीपासून ॲक्सलची उंची. तुमची उंची आज ३६५ मिलिमीटर आहे, उद्या ती ५९० होईल. ओढ तितकीच राहिली तरी पाट्यांवरचा पीळ १.६ पट होतो, आणि पेट्यांमुळे ओढही वाढलेली असते. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, पिनियनचं नाक वर उठतं, क्रॉस तुटतो, शाफ्ट लोंबकळतो. ब्रेक मारताना हेच उलट्या दिशेने. मागे किमान एक मजबूत ट्रॅक्शन बार घ्या : एक टोक ॲक्सलला दोन बोल्टनी, दुसरं चासीला शॅकलने. बजेट असेल तर पाटे काढून चार दांड्यांचं लिंकेज आणि कॉइल, आणि ॲक्सलवरच्या वरच्या-खालच्या दांड्यांत जितकं उभं अंतर ठेवता येईल तितकं ठेवा. अंतर कमी ठेवलं तर दांडीच्या टोकांच्या बुशवर ताण वाढतो.

स्टिअरिंगबद्दल थोडक्यात. पुढची पेटी नकलबरोबर (चाक वळवणाऱ्या सांध्याबरोबर) वळते. पेटीच्या जाडीमुळे चाक बाहेर गेलं तर किंगपिनच्या (ज्या खिळीभोवती चाक वळतं तिच्या) रेषेपासून ते लांब पडतं, स्टिअरिंग जड होतं आणि दगडावर चाक आपटलं की हाताला झटका बसतो. म्हणून रिम अशी घ्या की पेटी तिच्या पोटात जाईल. टाय रॉड वर गेल्यामुळे दगडांपासून वाचतो, हा फायदा आपोआप मिळतो. ३७ इंची टायरला हायड्रॉलिक मदतीशिवाय बसू नका.

ब्रेक मी चाकाशीच ठेवीन. पेटीच्या आतल्या बाजूला, शाफ्टवर ब्रेक ठेवला तर त्याची ताकद दीडपट होते हे खरं. पण त्या रचनेत गिअर तुटला की त्या चाकाचा ब्रेकही जातो, आणि गिअर तुटतो तो नेमका उतारावर. चाकाशी जुनाच ब्रेक ठेवला तर मोठ्या टायरमुळे त्याची जमिनीवरची पकड २२ टक्क्यांनी घटते, तेव्हा डिस्क मोठी घ्या.

आणि आडवं पडण्याचं. गाडीचा तोल-बिंदू ७५० मिलिमीटरवर आणि दोन चाकांतलं अंतर १४५० धरलं, तर आज ती कागदावर ४४ अंशांपर्यंत तग धरते. २२५ ने वर नेली की ३७ अंश. चाकं प्रत्येकी १०० मिलिमीटर बाहेर घेतली तर ४० पर्यंत परत येते. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि टायर दबतात, त्यामुळे आकडा याहून कमीच. रोल केज आधी, पेट्या नंतर. बागेच्या बांधावर एकटे सराव करू नका, कोणीतरी सोबत असू द्या.

तुमच्या पत्रात टायर आधी आणले असं लिहिलंय, ते बरोबर केलंत. टायर, मग रिम, मग ब्रेक, मग पेटी, मग पाटे किंवा लिंक, असं चाकापासून आत या. मापं घेऊन शॉपवर या, एक ॲक्सल शाफ्ट सोबत आणा, स्प्लाइन मोजून घेऊ.

वर्ध्याचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी विचारतो : सर, परदेशात लोक भंगारातले युनिमॉगचे ॲक्सल घेऊन थेट आपल्या ट्रकला लावतात. मग नवीन पेट्या बनवायच्या कशाला?

चांगला प्रश्न आहे बेटा. युनिमॉग मुळात शेतीसाठी आखलेलं यंत्र. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्बर्ट फ्रिडरिख यांनी त्याची रचना केली, आणि पहिल्या गाडीच्या चाकांतलं अंतर १२७० मिलिमीटर ठेवलं, बटाट्याच्या दोन ओळींइतकं. आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून ट्रॅक्टर नेणाऱ्याला यातली हुशारी लगेच कळेल. उभ्या पिकाला पोट लागू नये म्हणून ॲक्सल वर गेला. १९५५ पासून १९८० पर्यंत बनलेला ४०४ बहुतेक करून सैन्यांत गेला, आणि तिथून निवृत्त झालेले ॲक्सल बाजारात आले. डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) आतच, एकूण रेशो साडेसातच्या आसपास. वर काटोलच्या भाऊंचा हिशोब आला तोही ७.४६ आहे, हे बघ. मोठा टायर आणि ट्रकचं इंजिन यांची गाठ घालायला निघालं की माणूस या आकड्यापाशी येतो.

पण ४०४ च्या ॲक्सलला उघडा प्रोपेलर शाफ्ट नसतो. शाफ्ट एका जाड नळीत असतो, ती नळी ॲक्सलला घट्ट जोडलेली असते आणि पुढे गिअरबॉक्सपाशी गोलात बसते. ॲक्सलला गुंडाळू न देण्याचं काम ती नळी करते, म्हणून युनिमॉगला कॉइल स्प्रिंग पुरतात. लोक ती नळी कापतात, उघडा शाफ्ट लावतात, खाली साधे पाटे ठेवतात. मग पहिल्याच चढावर काय होतं ते वर लिहिलं आहे. तुझ्या प्रोजेक्टसाठी विषय देतो : नळी, चार दांड्या आणि पाटे, तिन्हींत तोच पीळ चासीत कुठून कसा जातो ते काढ. फ्री बॉडी डायग्राम हाताने काढ, सॉफ्टवेअर नंतर.

मानेवाड्याहून एक वाचक : असा ट्रक रस्त्यावर चालवता येईल का? आरटीओत नोंद होते का?

नाही जी. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं, त्यात अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि समोरच्या माणसाचं नुकसान तुमच्या घरावर येतं. पोर्टलचा ट्रक खासगी जमिनीवर आणि आयोजित ट्रायलमध्येच चालवायचा, तिथपर्यंत तो दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायचा. वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाईनीत उतरत्या फळीच्या गाड्या भाड्याने मिळतात. आणि पेंच असो की उमरेड-कऱ्हांडला, जंगलाच्या वाटेवर अशी गाडी घालायचा विचार मनातही आणू नका.

भंडाऱ्याहून एक ताई लिहितात : माझे यजमान नाहीत, त्यांनी बांधलेली पोर्टलची जीप आता मी आणि मुलगा सांभाळतो. पेटीतलं तेल कधी बदलायचं ते कोणी नीट सांगत नाही.

ताई, गाडी तुम्ही चालती ठेवली आहे हे वाचून फार बरं वाटलं. सांगतो.

पेटी लहान असते, तेल अर्ध्या लिटरच्या आसपास, आणि दात मात्र गाडीचा सगळा भार घेतात. त्यामुळे इथे डिफ्रंशलचा हिशोब लावू नका. ८५डब्ल्यू-१४० गिअर ऑइल आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत ठीक चालतं. पातळी प्रत्येक बाहेर जाण्याआधी बघा, चारही पेट्यांची. एका पेटीत कमी आणि ॲक्सलच्या नळीत जास्त आढळलं तर मधलं ऑइल सील गेलं आहे. उतारावर गाडी उभी राहिली की तेल तिकडे पळतं आणि पेटी कोरडी चालते.

पाण्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेली पेटी वैनगंगेच्या थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. चारही पेट्यांच्या ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच बांधून घ्या, यजमानांनी आधीच बांधली असेल तर ती कुठे चिरली नाही ना एवढं बघा.

पाण्यातून आल्यावर खालचा बोल्ट किंचित सैल करून चमचाभर तेल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी पाणी दिसलं किंवा तेल ताकासारखं पांढुरकं असलं, तर त्याच दिवशी बदला. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लेप पुसून टाका, तो नेहमीचाच. पण बोटाला टोचणारा तुकडा सापडला तर जीप चालू करू नका. तो तुकडा कागदात बांधून, कुठल्या चाकाचा ते वर लिहून, शॉपवर पाठवा. दात कुठून उडाला ते मी बघून कळवतो.